आठवी ‘अ’चा विश्वास

शाळा सुरू होऊन सहा आठवडे झाले होते तेव्हा शिक्षण खात्याने विद्यार्थ्यांचा विज्ञानावरचा विश्वास मोजला. उंची, वजन आणि दात त्याआधीच मोजून झाले होते. विश्वास तेवढा राहिला होता.

मोजणी सोपी होती. दहा विधानांचा एक कागद, प्रत्येक विधानापुढे दोन चौकोन. एक ‘विश्वास आहे’चा, दुसरा ‘विश्वास नाही’चा. काळ्या शाईने एक चौकोन भरायचा, शाई चौकोनाबाहेर जाऊ द्यायची नाही आणि वीस मिनिटांनी कागद उलटा ठेवून हात मांडीवर घ्यायचे. कागद खात्यात गेले, खात्यातल्या यंत्राने ते वाचले आणि पंधरा दिवसांनी शाळेत लिफाफा आला. शाळेची एकूण तब्येत चांगली होती. फक्त आठवी ‘अ’चा विश्वास शून्य टक्के निघाला होता.

मुख्याध्यापकांनी तो आकडा चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. दोन्ही वेळा शून्यच. त्यांनी शिपायाला पाठवून विज्ञानाच्या बाईंना बोलावून घेतलं.

बाई बावीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. त्यांच्या पर्समध्ये कायम एक मोजपट्टी असे, म्हणून मुलं त्यांना मागून ‘मोजपट्टी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांनी मूळ कागद बघायला मागितले. चाळीसांपैकी अडतीस मुलांनी एकही चौकोन भरला नव्हता. त्याऐवजी दहाही विधानांच्या समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘तपासून सांगतो.’ मुलींनी लिहिलं होतं, ‘तपासून सांगते.’ उरलेली दोन मुलं त्या दिवशी गैरहजर होती.

बाईंनी विचारलं, मोजणी कुठल्या वारी झाली होती. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारी. त्यावर बाई, बसा म्हणायची वाट न बघता, समोरच्या खुर्चीत बसल्या.

भानगड अशी होती. दर सोमवारी बाई शिकवता शिकवता एक थाप मारत. अगदी गंभीर चेहऱ्याने. माणसाच्या उजव्या कानाला डाव्यापेक्षा एक सेकंद आधी ऐकू येतं, असलं काहीतरी. मुलांनी शुक्रवारपर्यंत ती थाप पकडायची आणि नुसतं ‘खोटं आहे’ म्हणायचं नाही, खोटं कसं ते करून दाखवायचं. उजव्या कानाच्या आठवड्यात आठवी ‘अ’ची मुलं चार दिवस एकमेकांच्या कानाशी ताटल्या वाजवत पटांगणभर हिंडली होती. अशा वर्गात एका सोमवारी एक अनोळखी माणूस आला आणि त्याने कागद वाटले. पहिलंच विधान होतं, ‘विज्ञान जे सांगते ते नेहमी खरे असते.’ मुलांनी एकमेकांकडे बघितलं. या आठवड्यात बाईंनी एकदम दहा थापा धाडल्या होत्या, आणि त्याही परक्या माणसाच्या हाती.

“म्हणजे मुलांना ती परीक्षा वाटली?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“नाही सर. मुलांना ती थाप वाटली.”

मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की हे वाक्य या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. दिवस तसे नाजूक होते. राज्य उजेड पक्षाचं होतं. विज्ञानाचं नाव घेऊन तो निवडून आला होता, आणि विज्ञानावरचा विश्वास म्हणजेच आपल्यावरचा विश्वास असं धरून चालला होता. त्यामुळे प्रचाराचा बराच त्रास वाचत असे. विरोधात माती पक्ष होता. आपल्या पणजोबांना सगळं आधीच माहीत होतं आणि विज्ञान हे त्यांच्याच घरून उसनं नेलेलं आहे, अशी त्याची भूमिका होती. शून्य टक्क्याचा वर्ग उद्या माती पक्षाच्या हाती लागला तर तो तिकडे झेंड्यासारखा फडकवला जाईल आणि इकडे मुख्याध्यापकांची काठी मोडेल, हे उघड होतं.

आठवड्याभरात विश्वास संवर्धन अधिकारी आले. पूर्वी त्यांच्याकडे शाळांतल्या बाकांचं काम होतं. बाक संपल्यावर विश्वास देण्यात आला होता. माणूस सौम्य होता, अभ्यासू होता. त्यांनी बाईंना एक तक्ता दाखवला. ज्या शाळांत प्रयोग होतात तिथला विश्वास एकसष्ट टक्के, जिथे होत नाहीत तिथला त्र्याण्णव. कारण सरळ होतं. प्रयोगशाळेत कधी काच तडकते, कधी दिवा विझतो, पाणी उकळण्याचं तापमान पुस्तकात शंभर लिहिलेलं असतं आणि तापमापक सत्त्याण्णव दाखवतो. मूल हे डोळ्यांनी बघतं आणि त्याचा विश्वास चार टक्क्यांनी खाली येतो.

“पुस्तकातला प्रयोग फसलेला तुम्ही कधी पाहिलाय?” त्यांनी विचारलं.

बाईंनी आठवून पाहिलं. नव्हता पाहिला.

त्या म्हणाल्या की सत्त्याण्णव आला म्हणूनच तर मुलांनी दुसरा तापमापक मागितला, मग तिसरा मागितला, आणि शेवटी मुलं गावाच्या उंचीपर्यंत जाऊन पोचली, कारण उंचावर पाणी शंभराच्या आधीच उकळतं. एवढी खटपट माणूस विश्वास असल्याशिवाय करत नाही. अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर म्हणाले की ‘खटपट’ हा रकाना अर्जात नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप लागलं. वर कागद चिकटवला होता : ‘विश्वास घटू नये म्हणून ही खोली बंद ठेवण्यात येत आहे.’

शेजारच्या आठवी ‘ब’चा विश्वास शंभर टक्के होता. तो वर्ग टिपण सरांचा. अकरा वर्षांत त्यांनी प्रयोगशाळेची पायरी चढली नव्हती. त्यांची पद्धत म्हणजे, “लिहा. पूर्णविराम. खाली रेघ मारा.” खात्याने त्यांना विश्वासदूत नेमलं, छातीवर लावायला दिव्याचं बोधचिन्ह दिलं आणि बाईंना मार्गदर्शन करायला सांगितलं. सर मनाने चांगले होते. शिक्षकांच्या खोलीत दोघंच असताना ते बाईंना म्हणाले, “खरं सांगू का, मला विज्ञान अजिबात कळत नाही. त्यामुळे माझा त्याच्यावर गाढ विश्वास आहे. तुम्हाला कळतं, म्हणून तुमची पंचाईत होते.”

बाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं कसं, ते पटकन सांगता येईना, याचा आला.

घरीही विश्वासाची बोंबच होती. बाईंच्या घरात दोन वर्तमानपत्रं येत, कारण दोन पक्ष एकाच छताखाली राहत होते. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, माती पक्षाचे; नवरा उजेड पक्षाचा. अण्णा दहा वर्षं रक्तदाबाची गोळी घेत होते, न चुकता. पण त्याच सुमारास चौकाचौकात उजेड पक्षाच्या आरोग्यमंत्र्यांचा हसरा फोटो लागला, खाली लिहिलेलं, ‘औषध वेळेवर घ्या.’ अण्णांनी त्याच दिवशी गोळी बंद केली. त्या माणसाच्या सांगण्यावरून आपण तोंडही धुणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. नवऱ्याला कसलाच आजार नव्हता. त्याने पक्षाला पाठिंबा म्हणून तीन रंगांच्या तीन गोळ्या सुरू केल्या.

बाईंनी चार दिवस समजावून पाहिलं, आणि मग शाळेतली युक्ती काढली. कपाटातलं दाब मोजायचं यंत्र अण्णांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “अण्णा, त्या मंत्र्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नका ठेवू. रोज सकाळी स्वतः मोजा आणि कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहा. सरकारचा आकडा नको, तुमचा आकडा.”

हे अण्णांना एकदम पसंत पडलं. आठ दिवस त्यांनी सरकारच्या नाकावर टिच्चून दाब मोजला. नवव्या दिवशी एकशे ब्याऐंशी आला. त्यांनी यंत्रातले सेल बदलले. एकशे चौऱ्याऐंशी आला. मग मुलाला बसवून त्याचा मोजला, तो एकशे वीस. यंत्र उजेड पक्षाला सामील आहे असं ते मोठ्याने म्हणाले खरे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून घाईने काहीतरी गिळत होते. गोळ्या त्यांनी चष्म्याच्या डबीत लपवल्या होत्या.

“त्याला सांगू नकोस,” ते हळूच म्हणाले. “निवडणुकीपर्यंत तरी.”

इकडे शाळेत रोज सकाळी शपथ सुरू झाली होती. सगळ्या शाळेने रांगेत उभं राहून म्हणायचं, ‘माझा विज्ञानावर पूर्ण विश्वास आहे.’ आठवी ‘अ’मध्ये एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं, म्हणून वर्गाने तिला ‘किंतू’ नाव ठेवलं होतं. तिची आई कपडे शिवायची, आणि कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा माप घ्यायची सवय मुलीला घरूनच लागली होती. तिसऱ्या दिवशी शपथ संपली, शाळा गप्प झाली, आणि त्या शांततेत किंतूचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “पण कुठल्या?”

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागच्या वर्षीच्या पुस्तकातल्या विज्ञानावर, की यंदाच्या, ज्यात त्यातली दोन पानं बदलली होती? मुख्याध्यापकांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाईंना ‘कारणे दाखवा’ची नोटीस आली : ‘आपल्या अध्यापनामुळे विद्यार्थिनीच्या शपथेस शेपूट फुटल्याचे निदर्शनास आले आहे.’ सुनावणीची तारीख पडली. समाधानकारक खुलासा न झाल्यास नोकरी जाऊ शकते, असं खाली बारीक टायपात होतं. बाईंनी ते बारीक टाईप तीनदा वाचलं. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सरकारने काहीतरी विचार करूनच केलं असेल. अण्णा म्हणाले, सरकारने केलंय म्हणजे तू निर्दोष आहेस. दोघांपैकी एकानेही नोटीस वाचायला मागितली नाही.

सुनावणीच्या आधी निवडणूक झाली आणि माती पक्ष निवडून आला.

अधिकारी बदलले नाहीत. त्यांच्या टेबलावरचा दिवा गेला आणि तिथे मातीने भरलेली छोटी कुंडी आली. नव्या सरकारचं धोरण त्यांनी त्याच सौम्यपणे समजावून सांगितलं. मागच्या राजवटीत मुलांना विज्ञानावर डोळे मिटून विश्वास ठेवायला शिकवलं गेलं होतं. आता मुलं स्वतंत्र विचाराची व्हायला हवीत, आणि स्वतंत्र विचार म्हणजे तीस टक्क्यांहून कमी विश्वास, असं तज्ज्ञ समितीने ठरवलं होतं. शपथ फारशी बदलावी लागली नाही. टिपण सरांनी वर्गाला एवढंच सांगितलं, “लिहा. मागच्या पानावरचं ‘आहे’ खोडा. ‘नाही’ घाला. पूर्णविराम.”

आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जुन्या राजवटीच्या ऐन भरात एका वर्गाने शून्य टक्के विश्वास दाखवण्याचं धाडस केलं होतं. बाईंची नोटीस मागे घेण्यात आली. सभागृहात सत्कार झाला, फुलांचा गुच्छ मिळाला, प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलं होतं, ‘अविश्वासाच्या अग्रणी’. किंतूला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या गेल्या. ती म्हणाली, “पण मी नुसतं विचारलं होतं.” टाळ्या आणखी वाढल्या.

बाईंना वाटलं, वेळ बरी आहे. त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली मागितली. अधिकारी खिन्न झाले. आता तर ती खोली उघडणं अगदीच अशक्य होतं, कारण प्रयोग कधीमधी यशस्वीही होतात, आणि यशस्वी प्रयोग बघितला की मुलाचा विश्वास वाढतो. संध्याकाळपर्यंत कुलूप तेच ठेवून कागद बदलण्यात आला : ‘विश्वास वाढू नये म्हणून ही खोली बंद ठेवण्यात येत आहे.’

नव्या सरकारने नवी मोजणी केली. आठवी ‘ब’चा विश्वास शंभरावरून एकदम शून्यावर आला, आणि टिपण सर पुन्हा विश्वासदूत झाले, बोधचिन्ह तेवढं बदललं. या वेळची मोजणी गुरुवारी होती. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मुलांना काही सांगितलं नव्हतं, काही सुचवलंही नव्हतं. एकेका मुलाने कागद वाचला, चौकोन सोडून दिले आणि समासात लिहिलं. बाईंचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी नोटिशीतलं बारीक टाईपही आठवलं.

खात्याने मधल्या काळात यंत्र सुधारलं होतं. आता ते समासही वाचत असे. ‘तपासून सांगतो’ म्हणणाऱ्याचा तपासण्यावर विश्वास असतो, आणि चौकशीअंती असं आढळलं होतं की तपासणं म्हणजेच विज्ञान. सबब आठवी ‘अ’चा विश्वास शंभर टक्के धरण्यात आला. राज्यात सर्वांत जास्त. सत्कार मागे घेण्यात आला आणि नोटीस पुन्हा पुढे आली. तारीख तेवढी खोडून नवी घातली होती.

सुनावणी अधिकाऱ्यांच्या खोलीत झाली. एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला बाई, आणि साक्षीदार म्हणून किंतू, आईला घेऊन. खोली लहान होती. कुंडीला जागा द्यायला फायली जमिनीवर ठेवल्या होत्या. अधिकारी म्हणाले की प्रकरण लांबवण्यात कोणाचंच भलं नाही. बाईंनी एका शब्दात सांगावं, विज्ञानावर विश्वास आहे की नाही.

बाईंना नोकरी हवी होती. घराचा अर्धा भार त्यांच्यावर होता. एकच शब्द बोलला असता तरी काम झालं असतं, आणि सध्या कुठला चालतो ते सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर किंतूवर गेली. ती बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, सोमवारी बघायची तशी.

“एका शब्दात येत नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “आला असता तर मला बावीस वर्षं शिकवावं लागलं नसतं.”

अधिकाऱ्यांनी किंतूला विचारलं, तुला काही सांगायचंय का. तिने त्यांच्या चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पण साहेब, हा चष्मा घेताना तुम्ही डॉक्टरांवर विश्वास ठेवला होता, की समोरची अक्षरं वाचून बघितली होती?”

अधिकारी म्हणाले, अर्थात वाचून बघितली होती. शिवाय डॉक्टर चांगले होते. मग ते थांबले. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या. माणूस मुळात विचारी होता आणि त्यालाही मुलं होती. किंतूची आई त्या खोलीत एकदाच बोलली. ती म्हणाली, गिऱ्हाईक माझ्यावर विश्वास ठेवून कापड देतं हो, पण मी माप घेतलं नाही तर ते पुन्हा कशाला येईल?

निकाल चार दिवसांनी आला. तो सगळ्यांना दिलासा देणारा होता. बाई निर्दोष ठरल्या नव्हत्या आणि दोषीही ठरल्या नव्हत्या. दोन्ही सरकारांच्या काळात आठवी ‘अ’ चुकीच्या बाजूला पडली होती. म्हणजे हा वर्ग मोजण्याजोगा नाही, असा निष्कर्ष काढून खात्याने तो आपल्या नोंदींतून वगळला होता. शाळेत आठवी ‘ब’ होती. आठवी ‘अ’ नव्हती.

त्यानंतरचे पाच महिने आठवी ‘अ’ फार सुखात होती. नसलेल्या वर्गाला शपथ नव्हती, परिपत्रकं नव्हती, तपासणी नव्हती. किल्ली कोणी देईना, पण पटांगणातल्या नळावर कुलूप नव्हतं. बाईंनी घरून जुनं पातेलं आणलं, कोणी शेगडी आणली, किंतूने आईकडून दोरा आणला. त्यांनी दोऱ्याला दगड बांधून झोके मोजले, सावलीवरून इमारतीची उंची काढली, आणि ती कागदोपत्री असलेल्या उंचीपेक्षा सव्वा फूट कमी भरली तेव्हा तो आकडा कोणाला सांगायचा नाही असं सर्वानुमते ठरवलं. मधल्या सुट्टीत ‘ब’ची मुलं कुंपणाशी येऊन उभी राहत. एकदा टिपण सरही येऊन उभे राहिले. त्यांनी दगडाचे झोके मोजले, पुन्हा मोजले, आणि बाईंना हळूच विचारलं की दगड बदलला तरी आकडा तोच कसा येतो. बाईंनी दोरा त्यांच्या हातात दिला.

वर्ष संपत आलं आणि गाडी अडली. आठवीतून नववीत जायला आधी आठवीत असावं लागतं. आठवी ‘अ’ नोंदीत नव्हती, म्हणून तिला परीक्षा नव्हती, निकाल नव्हता, नववी नव्हती. चाळीस आई-बाप शाळेच्या दारात जमले. मुख्याध्यापक खात्यात जाऊन आले. उपाय होता. वर्ग नोंदीत परत घेता येईल, पण त्यासाठी मोजणीचा अर्ज रीतसर भरून हवा होता. प्रत्येक मुलाने एकच चौकोन भरायचा आणि समास कोरा ठेवायचा. कुठला चौकोन, याचा या खेपेला आग्रह नव्हता. माती पक्षाचं बहुमत आटलं होतं आणि सरकार टिकवायला त्याने उजेड पक्षाला सोबत घेतलं होतं. खात्याला नक्की काय हवं, हे सध्या खात्यालाच कळत नव्हतं.

बाईंनी वर्गाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. वर्षभर त्यांनी मुलांना जे शिकवलं होतं त्याच्या उलट करायला आता त्याच सांगत होत्या. मुलांनी ऐकून घेतलं. किंतूने विचारलं, “पण बाई, दोन्ही चौकोन खोटे असले तर?”

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, “तुम्हीच ठरवा. मी बाहेर थांबते.”

अर्ध्या तासाने त्यांना आत बोलावण्यात आलं. मुलांनी तोडगा काढला होता. प्रत्येकाने एकदा नाणं उडवायचं. छापा पडला तर ‘विश्वास आहे’, काटा पडला तर ‘विश्वास नाही’. नाणं जसं पडेल तसं लिहायचं, म्हणजे कोणी खोटं बोललं असं होणार नाही. किंतूने फळ्यावर एकेक नोंद केली. छापा बावीस वेळा पडला, काटा अठरा वेळा. चाळीस वेळा उडवल्यावर एवढा फरक पडू शकतो, हे त्यांनी आणखी तीनदा चाळीस-चाळीस वेळा उडवून बघून घेतलं. मग अर्ज भरले. समास कोरे होते. बाईंनी अर्ज गोळा केले आणि लिफाफा बंद करताना त्यांना हसावं की रडावं ते समजेना.

सगळी मुलं नववीत गेली. पंचावन्न टक्के विश्वास, पंचेचाळीस टक्के अविश्वास. खात्याने तो आकडा बघितला आणि खात्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शून्य आणि शंभर बघून बघून ते थकलं होतं. इतका जिवंत, इतका समतोल, इतका खऱ्यासारखा आकडा त्याच्याकडे आजवर आला नव्हता. त्याने तो छापायला दिला. आठवी ‘अ’ हा आदर्श नमुना ठरला. एका प्राध्यापकांनी त्यावर तीन लेख लिहिले. खिडकीजवळच्या मुलांचा विश्वास जास्त का आणि मागच्या बाकावर तो कमी का पडतो, याचं त्यांनी घराच्या वातावरणापासून आई-वडिलांच्या मतांपर्यंत सगळ्याला हात घालून सविस्तर विवेचन केलं.

बाईंच्या घरी दोन्ही वर्तमानपत्रांत ती बातमी एकाच सकाळी आली. नवऱ्याने आपल्या पेपरातला मथळा वाचला : ‘नवी पिढी विज्ञानाच्या पाठीशी, स्पष्ट बहुमत.’ अण्णांनी आपल्यातला वाचला : ‘जवळपास निम्म्या मुलांनी विज्ञान झिडकारलं.’ आत आकडा एकच होता. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला, उघडपणे, सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? नवरा म्हणाला, मीही तेच म्हणत होतो. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि या दोघांचं एखाद्या आकड्यावर एकमत झालेलं बाई पहिल्यांदाच बघत होत्या.

त्यांना राहवेना. त्यांनी दोघांना सगळं सांगितलं. नाणं, छापा, काटा, फळ्यावरच्या नोंदी. खिडकीजवळ कोण बसतं आणि का बसतं तेही सांगितलं.

दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं. मग नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “तू त्या वर्गाची बाई आहेस. तुझं मत थोडं एकांगी असणारच.”

“शिवाय ते यंत्राने मोजलंय,” अण्णा म्हणाले.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनेबद्दल वाटणाऱ्या काळजीत तरी बाप-लेक एक झाले होते. बाईंनी कप उचलले आणि आत गेल्या.

ती बातमी तेव्हा तुमच्याही वाचनात आली असेल. टक्का नेमका किती होता ते आता आठवत नसेल. पण आपलंच म्हणणं त्यात बरोबर निघालं होतं, एवढं नक्की आठवत असेल.